पुण्यात रात्री उशिरा रामेन खायचं असेल तर: नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात चांगलं रामेन (गरम सुपात वाढलेल्या जपानी नूडल्स) मिळतं, आणि पुण्यात रात्री उशिरा खायलाही मिळतं. पण या दोन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी फार कमी जुळतात. ज्या स्वयंपाकघरात सूप सकाळपासून उकळत असतं, तिथल्या शेगड्या साडेदहा-अकराला विझतात. रात्री एक वाजता जी शेगडी पेटलेली असते, तिच्यावर बहुतेक वेळा तवा असतो, पातेलं नसतं. म्हणून रात्रीच्या रामेनची तजवीज संध्याकाळीच करावी लागते. कुठे जायचं, किती वाजता पोचायचं आणि ते जमलंच नाही तर घरच्या फ्रीझरमध्ये काय असायला हवं, हे आधी ठरलेलं असलं की या शहरात रामेनवाचून राहायची वेळ येत नाही.

ही हौस पुण्याला आजची नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि इतरत्र वर्षानुवर्षं जपानी शिकणारी मुलं आहेत, कामासाठी जपानला जाऊन आलेले इंजिनिअर घरोघर आहेत, चाकणच्या पट्ट्यात जपानी कारखाने आहेत. तिकडे शेवटची लोकल पकडायच्या आधी स्टेशनाजवळ उभ्या-उभ्या वाडगाभर रामेन खाल्लेला माणूस इथे परतला की रात्री अकराला त्याला तेच हवं असतं. ज्यांनी तिकडचं खाल्लेलं नाही, त्यांनी सुरुवात पहिल्या पायरीपासून करावी.

पहिली पायरी: वाडग्यात काय असतं ते ओळखा

हे कळल्याशिवाय मेन्यू वाचता येत नाही, आणि ‘रामेन’ म्हणून समोर काहीही आलं तरी समजत नाही. म्हणून इथे थोडा वेळ काढा.

रामेनचे पाच भाग असतात: सूप, ते खारं करणारं ‘तारे’ नावाचं मिश्रण, सुवासिक तेल किंवा चरबी, नूडल्स, आणि वरून ठेवायचे जिन्नस. नव्या माणसाला सगळ्यात चकवणारी बाब म्हणजे सूप स्वतः बिनमिठाचं असतं. मटणाच्या ताटाबरोबर येणारी आळणी तुम्हाला माहीत असेल, तिच्यातून मीठही काढून टाकलं तर जे उरेल त्याच्या जवळपासचं. सगळा खारटपणा वाडग्याच्या तळाशी घातलेल्या तारेतून येतो. साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर सुपाला ३० मिलिलिटर तारे पुरतं. आचारी आधी तारे घालतो, मग तेल, त्यावर उकळतं सूप ओततो आणि नूडल्स अगदी शेवटी सोडतो.

मेन्यूवरच्या नावांचा अर्थही याच रचनेत लपलेला आहे. शोयू म्हणजे सोया सॉसचं तारे. सूप तपकिरी आणि पारदर्शक दिसतं. शिओ म्हणजे मिठाचं तारे. सगळ्यात हलकं आणि सगळ्यात फिकट. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट; ही तऱ्हा उत्तर जपानातल्या साप्पोरोची, थंडीची, म्हणून दाट आणि जरा तेलकट. चौथं नाव टोनकोत्सु. हे तारेचं नसून सुपाचं नाव आहे. डुकराची हाडं दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त, खळखळ उकळतात. हाडांतल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं, चरबी पाण्यात बारीक मिसळून राहते आणि सूप दुधासारखं पांढरं होतं. त्याचं माहेर फुकुओका प्रांतातलं कुरुमे शहर, पण नाव झालं ते फुकुओका शहरातल्या हाकाता भागामुळे. तिथे ‘यताई’ नावाच्या हातगाड्यांवर रात्री उशिरापर्यंत हे रामेन विकतात आणि वाडग्यातलं सूप उरलं तर वरून नूडल्सची आणखी एक गुंडी मागवता येते. तिला काएदामा म्हणतात. पुण्यात टोनकोत्सुच्या जागी बऱ्याचदा कोंबडीच्या हाडांचं पांढरं सूप मिळतं. जपानीत त्याला तोरी पाइतान म्हणतात, आणि नीट उकळलेलं असेल तर ते कुठेही कमी पडत नाही.

नूडल्सची गंमत क्षारांत आहे. गव्हाच्या पिठात ‘कान्सुइ’ घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. त्यानेच रामेनला पिवळसर रंग, तो विशिष्ट वास आणि दाताखाली येणारा चिवट लवचिकपणा मिळतो. हक्का नूडल्स रश्श्यात बुडवल्या म्हणजे रामेन झालं, असं समजणारी स्वयंपाकघरं आहेत. पहिल्या घासाला नूडल मऊ पडून तुटली की समजून जा.

वर ठेवायच्या जिनसांत मंद शिजवलेलं मांस (चाशु), आतून ओलसर राहिलेलं आणि सोया सॉसमध्ये मुरवलेलं अंडं, बांबूच्या कोंबांचं मेन्मा, नोरी हा समुद्री शेवाळाचा पापुद्रा आणि कांद्याची पात. या सगळ्यात मी आधी अंडं बघतो. पिवळा बलक अर्धवट घट्ट आणि मधासारखा असेल, पांढऱ्याला बाहेरून तपकिरी झाक असेल, तर त्या स्वयंपाकघरात आदल्या दिवसापासून कोणीतरी या वाडग्याचा विचार केलेला आहे. कडक उकडलेलं अंडं दोन तुकडे करून ठेवलं असेल तर सुपाकडूनही फार अपेक्षा नको.

दुसरी पायरी: पुण्याचं रात्रीचं घड्याळ पाठ करा

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने हॉटेलांना चोवीस तास उघडं राहायची वाट मोकळी केली. दारू मिळणाऱ्या जागांना मात्र वेळेची मर्यादा आहे. परमिट रूम आणि बार रात्री दीडच्या पुढे चालत नाहीत. कागदावर हे असं असलं तरी तुमच्या कामाचं घड्याळ वेगळं आहे, ते म्हणजे स्वयंपाकघराचं.

रेस्टॉरंटच्या दारावर किंवा नकाशाच्या ॲपवर लिहिलेली बंद व्हायची वेळ ही बिलाची वेळ समजा. शेवटची ऑर्डर त्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी घेतात. रामेनच्या बाबतीत तर आणखी आधी, कारण नूडल्स उकळायचं मोठं पातेलं आणि सुपाचं भांडं ही घासायला सगळ्यात वेळखाऊ भांडी, ती आधी उतरतात. ‘बंद ११:३०’ असं दिसलं तर साडेदहाला टेबलावर बसलेले असा. बारमध्ये रात्री साडेबारालाही खायला मिळतं, पण तेव्हाचा मेन्यू बहुतेक वेळा चखण्यापुरता उरलेला असतो. आठवड्यातला वारही बघा. शुक्रवार-शनिवारी शेगड्या उशिरापर्यंत चालतात, सोमवारी काही जागा बंदच असतात. पोटभर रामेन आणि रिकामं टेबल दोन्ही हवं असेल तर मंगळवार ते गुरुवार साडेनऊची वेळ धरा.

जाण्यायेण्याचंही आधीच ठरवा. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास थांबते. कोरेगाव पार्कला जाताना बंडगार्डन, त्यापुढे कल्याणीनगर, आणि विमाननगरसाठी रामवाडी ही वनाझ–रामवाडी मार्गावरची स्थानकं सोयीची. जाताना मेट्रो, येताना रिक्षा असा हिशेब करा. रात्री १२ ते पहाटे ५ रिक्षाचं मीटर सव्वापट धरलं जातं, त्यामुळे पावणेबाराला निघालेलं बरं. रस्त्यावर थांबलेला रिक्षावाला मीटरने यायला तयार नसेल तर घासाघीस करत उभं राहू नका, ॲपवरून बोलवा. एकट्या बाईने उशिरा परतायचं असेल तर रेस्टॉरंटच्या आत बसूनच गाडी बोलवावी, गाडीचा नंबर घरी किंवा मैत्रिणीला पाठवावा, आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक लक्षात ठेवावा.

तिसरी पायरी: कुठल्या भागात शोधायचं

पेठांमध्ये शोधू नका. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांचं खाणं थोर आहे, पण ते सकाळचं आणि संध्याकाळचं. कोथरूड-कर्वेनगर विद्यार्थ्यांनी गजबजलेलं असलं तरी तिथे रात्री मिळतं ते मॅगी, सँडविच, कोल्ड कॉफी. रामेनसाठी शहराची पूर्व बाजू, नाहीतर थेट पश्चिमेचं टोक.

पूर्वेला कोरेगाव पार्क सगळ्यात भरवशाचं. नॉर्थ मेन रोड आणि त्याला लागलेल्या लेन यांत आशियाई खाण्याची जागा सतत कुठली ना कुठली असते, आणि या भागाला रात्री जेवायची सवय आहे. १९९७ पासून चालणारं मलाका स्पाइस इथलंच. ते जपानी नव्हे, आग्नेय आशियातलं. तरी वाडगाभर गरम रस्सा-नूडल्सची भूक असेल तर लाक्सा किंवा खाऊसुए हे नारळाच्या दुधातले प्रकार त्या भुकेला पुरे पडतात. नव्या माणसाला मी उलट हेच सुचवेन: आधी खाऊसुए खा, रस्सा आणि नूडल्स एकत्र खायची सवय होऊ दे, मग रामेनकडे वळा. नारळाच्या चवीवरून सोयाच्या चवीकडे जाणं मराठी जिभेला सोपं जातं.

कल्याणीनगर आणि येरवड्याची बाजू जरा महागडी. गोल्फ कोर्स चौकातल्या रिट्झ-कार्लटनमध्ये उकियो नावाचं जपानी रेस्टॉरंट आहे; पगारवाढ किंवा वाढदिवस साजरा करायला चांगलं, अचानक लागलेल्या भुकेसाठी नव्हे. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. मेन्यूवरचा आकडा वाचताना हे धरून चाला. मोठ्या हॉटेलांचा एक उपयोग फार जणांच्या लक्षात येत नाही. त्यांच्यापैकी काहींची कॉफी शॉप रात्रभर उघडी असतात आणि त्यांच्या रात्रीच्या मेन्यूत आशियाई पान असतं. तिथे मध्यरात्री मिळणारं रामेन थोर नसतं, पण ते बसून, गरम, वातानुकूलित खोलीत मिळतं. विमानतळावरून रात्री उतरलेल्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

विमाननगर आणि खराडी तरुणांचे भाग. मॉलमधल्या रेस्टॉरंटना मॉलच्या वेळेचं बंधन असतं, त्यापेक्षा रस्त्यावरच्या स्वतंत्र जागा उशिरापर्यंत चालतात.

पश्चिमेला बाणेर आणि बालेवाडी हाय स्ट्रीट. हिंजवडीत काम करणाऱ्यांची रात्र इथेच उजाडते. एका ओळीत इतकी रेस्टॉरंटं आहेत की एका ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालं तर पन्नास पावलांवर दुसरं विचारता येतं. हा फायदा कोरेगाव पार्कलाही नाही, तिथे लेन बदलावी लागते. साडेदहानंतर निघणार असाल आणि दोन्ही बाजू सारख्याच दूर असतील, तर बालेवाडी गाठा.

चौथी पायरी: निघण्याआधी फोन करा

ॲपवरचं रेटिंग आणि फोटो यांच्यावर विसंबून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. दोन मिनिटांच्या फोनवर तीन गोष्टी विचारा.

पहिली, ‘आज रामेनची शेवटची ऑर्डर किती वाजता?’ रेस्टॉरंटची वेळ न विचारता रामेनचीच विचारा. सूप रोज ठरावीक प्रमाणात करतात आणि बऱ्या जागी ते संपतंही. संपलं असं सांगणारी जागा मनात नोंदवून ठेवा. तिथे सूप खरोखर शिजतं.

दुसरी, ‘सूप कशाचं?’ उत्तर ‘चिकनच्या हाडांचं’, ‘पोर्कचं’, ‘मशरूम आणि कोम्बूचं’ (कोम्बू म्हणजे एक समुद्री शेवाळ) असं नेमकं आलं तर जा. ‘आपल्याला हवं ते टाकून देतो, वेज-नॉनवेज दोन्हीत होईल’ असं आलं तर तिथे एकाच पावडरच्या पाण्यात सगळं होतं.

तिसरी, रामेनचे किती प्रकार आहेत. तीन-चार असतील तर उत्तम. पंधरा प्रकारचं रामेन, सुशी, डिमसम, थाय करी आणि पिझ्झा एकाच मेन्यूवर असेल तर त्या जागी दुसरं काहीतरी चांगलं मिळत असेल, रामेनसाठी जाऊ नये.

शाकाहारी असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण पुण्यात निम्म्या टेबलांवर कोणीतरी शाकाहारी असतं. ‘वेज रामेन’ लिहिलेल्या वाडग्यात वरचे जिन्नस शाकाहारी असतात. सूप असेलच असं नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं दाशी नावाचं पातळ सूप बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कापांपासून करतात. म्हणून विचारायचं ते असं: ‘दाशी माशाचं आहे का? तारेमध्ये फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस आहे का? नूडल्समध्ये अंडं आहे का?’ गुलाबी नक्षीची पांढरी चकती दिसली तर ती नारुतो, माशाची असते. नोरी आणि कोम्बू मात्र समुद्री शेवाळ, त्यांना हरकत नाही.

शाकाहारी रामेन कमअस्सल असतं हा समज सोडून द्या. टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोम्बूच्याच काढ्यातून ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा केला आणि उमामी ही भरदार चव जगापुढे मांडली. सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हा तसाच घटक असतो. ही दोन एकत्र आली की प्रत्येकाची चव एकट्यापेक्षा कितीतरी पटीने वाढते. म्हणून कोम्बू आणि शिताके दोन्ही घालणारं स्वयंपाकघर सापडलं तर श्रावणातही मन मारायला नको.

पाचवी पायरी: टेबलावर

वाडगा समोर आला की फोटो एकच काढा आणि लगेच खायला लागा. पातळ नूडल्स गरम सुपात सात-आठ मिनिटांत फुगून मऊ पडतात. आधी दोन चमचे सूप, मग नूडल्स, सुर्रकन ओढून. आवाज झाला तर झाला; ओढताना हवा लागून नूडल्स निवतात आणि वासही नाकापर्यंत पोचतो. तिखट तेल आधीच ओतू नका. निम्मा वाडगा मूळ चवीत खा, मग हवं तर चिली ऑइल, लसूण, तीळ. सगळं सूप पिऊन टाकायची सक्ती कुठेच नाही, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी तर ते टाळावंच. वाडगाभर सुपात पाच ग्रॅमच्या आसपास मीठ सहज असतं.

साध्या रेस्टॉरंटात वाडग्याला चारशे ते आठशे रुपये पडतील. बिलात सेवा शुल्क लावलेलं दिसलं तर ते ऐच्छिक असतं, नको असेल तर काढायला सांगता येतं.

सहावी पायरी: घरी मागवताना

रात्री साडेअकरानंतर ॲपवर जी रामेन दिसतात ती बरीचशी नुसती घरपोच देणाऱ्या स्वयंपाकघरांची. त्यात वाईट काही नाही, पण नियम एकच आणि तो पक्का: सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत येणार असतील तरच मागवा. ऑर्डरच्या सूचनेत तसं लिहा, शंका असेल तर फोन करा. एकत्र आलेलं रामेन वीस मिनिटांच्या प्रवासात खिमटी होऊन पोचतं. अंतर चार-पाच किलोमीटरच्या आत ठेवा.

ऑर्डर निघाल्याचा संदेश आला की घरी पाणी उकळायला ठेवा. डबा आल्यावर सूप पातेल्यात ओतून खळखळून उकळा. चिकटून बसलेल्या नूडल्स गाळणीत घेऊन वरून उकळतं पाणी ओता, दहा-पंधरा सेकंदांत त्या सुटतात. वाडगाही गरम पाण्याने तापवून घ्या. हे तीन सोपे सोपस्कार केले की त्याच सुपाची चव पुष्कळ वर जाते. प्लॅस्टिकच्या डब्यातून कोमट खाणं हा त्या स्वयंपाकघरावरही अन्याय आहे.

सातवी पायरी: फ्रीझरमधलं रामेन

पुण्यात रात्री एक वाजता खात्रीने चांगलं रामेन मिळण्याची जागा म्हणजे आपलं घर. रविवारी दुपार द्या, पुढे पाच रात्री निघतात. सामान आणायला कॅम्प गाठा. शिवाजी मार्केटमध्ये चिकनची हाडं, माना आणि पंजे स्वस्तात मिळतात. पंजे आवर्जून घ्या, जिलेटिन त्यांच्यातच जास्त. तिथून जवळच मोलेदिना रोडवर दोराबजी, परदेशी सामानासाठी पुणेकरांचा जुना आधार. मिसो, कोम्बू, नोरी, सुके शिताके आणि नैसर्गिक आंबवलेला सोया सॉस अशा मोठ्या दुकानांतून शोधायचे. आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवरचा घट्ट, काळा, गोडसर सोया सॉस यात चालत नाही. बाकी आलं, लसूण, पात मंडईत.

एक किलो हाडं-पंजे थंड पाण्यातून एकदा उकळी आणून ते पाणी ओतून द्या, हाडं धुवा. मग कुकरमध्ये अडीच लिटर पाणी, आल्याचा तुकडा, लसणाच्या चार पाकळ्या, पातीचा हिरवा भाग. हळद नाही, खडा मसाला नाही, मीठ नाही. बारीक-मध्यम आचेवर दीड तास. झाकण उघडल्यावर मोठ्या आचेवर आणखी अर्धा तास खळखळ उकळा. चरबी सुपात मिसळून रंग पांढुरका होतो. पातळ, पारदर्शक सूप हवं असेल तर ही शेवटची उकळी टाळा. गाळून झालं की पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि साडेतीनशे मिलिलिटरच्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. दोन महिने उत्तम राहतं.

तारेसाठी अर्धी वाटी सोया सॉस, दोन छोटे चमचे साखर आणि कोम्बूचा बोटभर तुकडा मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. जपानी सोया सॉसमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास मीठ असतं, त्यामुळे दोन मोठे चमचे तारे एका डब्याच्या सुपाला बरोबर लागतं. अंडी उकळत्या पाण्यात फ्रिजमधून थेट सोडायची, सात मिनिटांत काढून बर्फाच्या पाण्यात. सोलून सोया सॉस आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात रात्रभर.

शाकाहारींनी एक लिटर गार पाण्यात १० ग्रॅम कोम्बू आणि १५-२० ग्रॅम सुके शिताके रात्रभर फ्रिजमध्ये भिजत घालावे. सकाळी हळूहळू तापवायचं, उकळी फुटायच्या आत कोम्बू काढायचा, शिताके दहा मिनिटं शिजू द्यायचे. दाटपणासाठी वाडग्याला पाव कप बिनसाखरेचं सोया दूध आणि दीड चमचा मिसो. हे दोन्ही शेवटी घाला आणि नंतर उकळू नका, दूध फाटतं.

ताज्या रामेन नूडल्स हाताशी नसतील तर बारीक स्पगेटी चालते, एक युक्ती केली तर. लिटरभर पाण्याला दोन छोटे चमचे खायचा सोडा घालून त्यात उकळा. पाणी क्षारयुक्त झालं की स्पगेटी पिवळसर आणि चिवट होते, कान्सुइचं काम बऱ्यापैकी भागतं. पातेलं मोठं घ्या, फेस वर येतो. काढल्यावर गरम पाण्यात एकदा खळबळून घ्या, सोड्याची चव जाते.

यानंतर रात्री एक वाजता डबा पातेल्यात उलटा करायचा, दुसऱ्या शेगडीवर नूडल्स, वाडग्यात तारे आणि चमचाभर तिळाचं तेल. पंधरा मिनिटं.

पाकिटातलं रामेन

त्याला नाक मुरडू नये. मोमोफुकु अंदो यांनी १९५८ साली तळून वाळवलेल्या झटपट नूडल्स बाजारात आणल्या आणि १९७१ साली कप नूडल्स. आपल्या घराघरांत १९८३ पासून शिरलेली मॅगी त्याच वंशातली. पुण्यात झटपट किराणा पोचवणाऱ्या ॲपवर रात्री उशिराही कोरियन पाकिटं मिळतात. कोरियन रामयुन जपानीपेक्षा तिखट असतं, आणि शिनसारखं रश्श्याचं पाकीट घ्यायचं की बुलडाकसारखं कोरडं, हे मागवण्याआधीच ठरवा. शाकाहारींनी पाकिटावरचं चिन्ह बघावं: हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. मसाल्याची पुडी आधी निम्मीच घाला. फ्रीझरमधल्या सुपाचा डबा पाण्याऐवजी वापरलात तर पाव पुडीही पुरते.

सगळंच बंद असेल तेव्हा

पुणे स्टेशनबाहेर भुर्जी-पावच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत चालतात. तव्यावर कांदा-मिरची परतल्याचा वास लांबूनच रस्ता दाखवतो. रमजान असेल तर मोमीनपुरा, कॅम्प किंवा कोंढव्यातलं कौसरबाग गाठा. रात्रभर जागणाऱ्या त्या गल्ल्यांत पाया आणि नळी निहारी मिळते. हाडांचं दाट, चिकट होईपर्यंत शिजलेलं सूप हीच तुमची खरी भूक असेल, तर त्या महिन्यात पुण्यात रामेन शोधायचंही कारण नाही. आणि पहाटेचे चार वाजून गेले असतील तर नळस्टॉपला पोहे आणि चहा. त्या वेळी तिथे रात्रपाळी संपवून आलेले आणि सिंहगड चढायला निघालेले एकाच कट्ट्यावर भेटतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा, गर्दीत गाडीवाल्याला यूपीआयच्या आवाजाची वाट बघायला लावू नका.